डीपीवर हरकत-सूचना कशी द्यायची: टेकडी, ओढा, गायरान वाचवायचं असेल तर हा क्रम पाळा

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला ड्राफ्ट डीपी म्हणतो तो जाहीर झाला की दरवेळी तेच होतं. टेकडीवर रोज फिरायला जाणारे लोक पेपरात बातमी वाचतात, ग्रुपवर कोणीतरी विचारतं "आपली टेकडी हिरवीच आहे ना?", दुसरा कोणी नकाशाचा धूसर फोटो टाकतो, त्यात हिरवा ठिपका दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. त्याच महिन्यात टेकडीवरच्या जमिनीचे मालक मात्र वकील आणि आर्किटेक्ट गाठून व्यवस्थित कागद देतात, की आमचा गट या झोनमधून वगळा. मग सुनावणीच्या दिवशी समितीसमोर जी फाईल येते तिच्यात टेकडी नको म्हणणाऱ्यांचा गठ्ठा असतो आणि टेकडी हवी म्हणणाऱ्याचा एक कागद नसतो.

हे मी दोन आराखड्यांच्या वेळी जवळून बघितलंय, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. कायद्यात शब्द आहे "हरकती व सूचना". विरोध असेल तरच लिहायचं असं कुठेही नाही. जे चांगलं दाखवलंय ते कायम ठेवा असं लिहून देणं हे चुकीच्या गोष्टीला विरोध करण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण प्रारूपात हिरवं असलेलं अंतिम आराखड्यात पिवळं, म्हणजे रहिवासी, होऊ शकतं आणि ते होताना फाईलमधले कागदच बघितले जातात.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या एमआरटीपी कायद्याप्रमाणे, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे आहे. गोव्याचा कायदा वेगळा आहे, तिथे कलमं आणि मुदती वेगळ्या, पण टप्पा ३ ते ७ मधली तयारी तिथेही बरीचशी उपयोगी पडेल.

## टप्पा १: नोटीस नेमकी कशाची आहे ते आधी वाचा

निम्मे लोक इथेच चुकतात. बातमीत फक्त "डीपी जाहीर" असं असतं, पण नोटीस पाच वेगवेगळ्या प्रकारची असू शकते.

- कलम २३: आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर केलाय. अजून आराखडा नाहीच. इथे हद्दीबद्दल आणि एकूण आराखड्याकडून काय हवंय त्याबद्दल लिहायचं.
- कलम २६: प्रारूप आराखडा तयार झालाय, बघा आणि हरकती-सूचना द्या. आपला मुख्य टप्पा हाच.
- कलम २८(४): सुनावणीनंतर केलेल्या बदलांची यादी. ही बहुतेक वेळा फक्त माहितीसाठी असते.
- कलम ३१: राज्य सरकार मंजुरी देताना काही भाग बाजूला काढतं, त्याला ईपी (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात, आणि त्या भागापुरत्या परत हरकती मागवतं.
- कलम ३७: मंजूर डीपीत नंतर केलेला फेरबदल. एका आरक्षणापुरता (बगीचा, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा), एका गटापुरता. जाहिरात एवढीशी असते आणि नुकसान इथे सर्वात शांतपणे होतं.

तुमचं गाव महापालिकेत किंवा नगरपालिकेत नसेल तर डीपीऐवजी प्रादेशिक योजना लागू असेल, त्यातले झोन बदल कलम २० खाली होतात.

चेक करा: नोटीशीवर कलम कुठलं लिहिलंय ते वहीत पहिल्या ओळीत लिहा. अर्जाच्या विषयातही तेच कलम यायला हवं. कलम ३१ च्या नोटीशीवर अख्ख्या शहराच्या तक्रारी लिहून उपयोग नाही, तिथे फक्त त्या ईपी नंबरबद्दल बोलायचं असतं.

## टप्पा २: तारीख गॅझेटवरून मोजा, बातमीवरून नाही

मुदत राजपत्रात नोटीस छापल्याच्या तारखेपासून धरतात. बातमी कधीकधी आठवड्याने येते, ग्रुपवर त्याहून उशिरा. कलम २६ च्या नोटीशीला लहान शहरांत ३० दिवस मिळतात, मोठ्या महापालिकांत ६० दिवस दिलेले दिसतात, त्यामुळे "मागच्या वेळी दोन महिने होते" या आठवणीवर विसंबू नका, नोटीशीत जे लिहिलंय तेच धरा.

राजपत्र ऑनलाईन मिळतं, नगररचना संचालनालयाच्या साईटवर आणि महापालिकेच्या साईटवरही नोटीस असते. ती डाऊनलोड करून ठेवा, नुसती लिंक सेव्ह करू नका, लिंका पुढे उघडत नाहीत.

आता उलटी मोजणी करा. ३० दिवस असतील तर पहिले ५ दिवस नकाशे मिळवायला, पुढचे १० जागेवर जाऊन तपासायला, ५ लिहायला, ५ लोकांशी बोलून सह्यांना, आणि शेवटचे ५ मोकळे, कारण शेवटच्या दोन दिवसांत आवक-जावकच्या खिडकीवर रांग लागते आणि ऑनलाईन फॉर्म असला तर सर्व्हर बसतो.

सावधान: माहिती अधिकाराखाली नकाशा मागवू असं ठरवून बसू नका. त्या अर्जाला उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात, म्हणजे उत्तर येईपर्यंत तुमची मुदत संपलेली असेल. प्रारूप बघायला उपलब्ध ठेवणं आणि प्रमाणित उतारे वाजवी किमतीत देणं हे कलम २६ नेच त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे सरळ कार्यालयात जाऊन प्रत मागा.

## टप्पा ३: एक नाही, चार कागद मिळवा

१. ईएलयू, म्हणजे सध्याचा जमीन वापर नकाशा. आज जागेवर काय आहे ते यात असतं.
२. पीएलयू, म्हणजे प्रस्तावित वापराचा नकाशा. सगळे फक्त हाच बघतात.
३. डीपी रिपोर्ट. कंटाळवाणा असतो पण आरक्षणांची यादी, झोनचे हेक्टर, आणि कुठली जागा का बदलली त्याची कारणं यात सापडतात.
४. नियमावली. राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे (मुंबई वगैरे काही भाग सोडून). कुठल्या झोनमध्ये काय बांधता येतं ते यात आहे.

ईएलयू सोडून देऊ नका हे मी हात जोडून सांगतो. खरी गडबड तिथे असते. ईएलयूवर ओढाच दाखवला नाही तर पीएलयूवर त्यावरून रस्ता जाणारच, मग रस्त्याला विरोध करत बसण्यापेक्षा मूळ चूक दाखवणं जास्त ताकदीचं. मुंबईचा २०१५ सालचा प्रारूप आराखडा असाच चुकांमुळे बाजूला ठेवून परत करायला लावायची वेळ सरकारवर आली, आणि त्यातल्या कितीतरी चुका लोकांनी आपापली गल्ली, आपापलं मैदान नकाशावर शोधून दाखवल्या होत्या.

हिरव्या रंगाला फसू नका. नकाशावर हिरव्या छटा चार-पाच असतात आणि त्यांचा अर्थ अगदी वेगवेगळा आहे. शेती झोन हिरवा असतो, पण त्यात नियमावलीप्रमाणे पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, शाळा अशा बऱ्याच गोष्टींना परवानगी मिळू शकते. बगीचाचं आरक्षण हिरवं असतं, पण ती जागा पालिकेने ताब्यात घेईपर्यंत खाजगीच असते आणि अंतिम आराखड्यापासून १० वर्षांत घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस (जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा अशी) देऊ शकतो. डोंगरमाथा-डोंगरउतार हा वेगळा झोन. पुण्यात बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यान हे आणखी वेगळं. त्यामुळे सूचीतल्या छटेशी तुमचा ठिपका जुळवून बघा आणि झोनचं नाव शब्दांत लिहून घ्या.

चेक करा: मोबाईलने भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढलाय एवढ्यावर भागवू नका. मूळ पीडीएफ किंवा प्रमाणित उतारा हवा, ज्यावर गट नंबर वाचता येतात.

## टप्पा ४: "टेकडी" म्हणू नका, गट नंबर म्हणा

हा धडा मला सुनावणीच्या हॉलमध्येच मिळाला. दुपारचे चार वाजले होते, सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली, माझा नंबर आला आणि मी अगदी मनापासून सांगायला लागलो की गावामागची टेकडी, तिथे मोर आहेत, पावसाळ्यात झरा वाहतो. समोरच्या साहेबांनी नकाशाची घडी उघडली, पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, "गट नंबर?" मला सांगता येईना. पेन्सिल तशीच हवेत राहिली, मग त्यांनी ती खाली ठेवली आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना खूण कुठे करायची तेच मी सांगितलं नव्हतं.

तर हे असं करा:

- महाभूनकाशावर गाव निवडून आपल्या जागेतले सगळे गट नंबर किंवा सर्व्हे नंबर लिहा. टेकडी एका गटात नसते, दहा-पंधरा गटांत विभागलेली असते, पायथ्याचे गट विसरू नका.
- प्रत्येक गटाचा ७/१२ काढा. मालक कोण, क्षेत्र किती, "इतर हक्क" रकान्यात काय नोंद आहे. गायरान, वन, सरकारी पड, देवस्थान इनाम अशी नोंद सापडली तर ती सोन्यासारखी आहे, तिचं पान जोडायचंच.
- एक साधा तक्ता करा: गट नंबर, क्षेत्र, ईएलयूवर काय, पीएलयूवर काय, प्रत्यक्षात काय, आमची मागणी काय. हा तक्ता म्हणजे तुमच्या हरकतीचा कणा.

गायरान असेल तर एक गोष्ट माहिती असू द्या. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला योजना करा असं सगळ्या राज्यांना सांगितलंय. एक ओळ त्याची पुरते, निकालाचं पान न पान जोडायची गरज नाही.

## टप्पा ५: मोजून दाखवा

भावना खरी असते, पण समितीला निर्णयात लिहायला आकडा लागतो. चार गोष्टी घरबसल्या आणि एका रविवारच्या चालण्यात मोजता येतात.

उतार. डोंगरउतारावर बांधकामासाठी जो आकडा सगळीकडे ऐकायला येतो तो १:५ चा. पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजेच २० टक्के. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको असा नियम. हे तपासायच्या दोन रीती:

पहिली रीत कागदाची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर, जी त्यांच्या साईटवरून मोफत उतरवता येते, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेघ) साधारण २० मीटरला एक असते (शीटच्या तळाशी लिहिलेलं असतं, बघून घ्या). १:५ उताराला २० मीटर चढ म्हणजे १०० मीटर आडवं अंतर, आणि १०० मीटर म्हणजे या नकाशावर फक्त २ मिलिमीटर. पट्टी ठेवा. दोन लगतच्या रेषांमधलं अंतर २ मिमीपेक्षा कमी भरलं तर तो उतार १:५ पेक्षा तीव्र आहे. शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात, आमच्याकडे नववीतल्या दोघींनी केलं होतं.

दुसरी रीत गुगल अर्थ प्रोची. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उताराच्या दिशेने सरळ रेघ काढायची आणि एलेव्हेशन प्रोफाईल उघडायचं, उताराची टक्केवारी तिथेच दिसते. स्क्रीनशॉट काढताना रेघ कुठल्या गटातून गेलीय ते दिसलं पाहिजे.

सावधान: अख्ख्या टेकडीची सरासरी काढू नका, माथा सपाट असतो त्यामुळे सरासरी कमी येते आणि तुमच्याच विरुद्ध जाते. गटवार काढा. आणि जिथे पोकलेनने आधीच टप्पे पाडलेत तिथे आजचा उतार कमी दिसेल, तिथे जुनी टोपोशीट आणि गुगल अर्थमधली जुनी चित्रं वापरा, वर्ष लिहून.

ओढा. ओढा नाहीच असं म्हणणाऱ्यांपुढे सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे भूमि अभिलेखचा गाव नकाशा. त्यात ओढे वेगळे काढलेले असतात. आमच्या इथे एका आजोबांनी ट्रंकेतून अशी प्रत काढून दिली, घडीवर फाटलेली, कडेला हळदीचा डाग, पण त्यावर आज जिथे पत्र्याचं कुंपण आहे तिथून ओढ्याची रेघ सरळ नदीपर्यंत गेली होती. त्या प्रतीवरून तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून नवी नक्कल काढली आणि जोडली, त्यानंतर ओढा आहे की नाही यावर कोणी वाद घातला नाही. नदी-नाल्यांची जी जमीन कोणाच्या मालकीची नाही ती शासनाची, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये आहे.

पूररेषा. नदीकाठ असेल तर निळी रेषा आणि लाल रेषा पीएलयूवर आहेत का बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधे बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लालच्या मधे निर्बंध. पाटबंधारे विभागाच्या नकाशातली रेषा आणि डीपीतली रेषा एकच आहे का हे तपासायचं काम फार थोडे लोक करतात, तुम्ही करा.

जिवंत नोंदी. झाडं, पक्षी, झरे. यादी लांबलचक नको. तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो असलेल्या वीस नोंदी या नेटवरून उचललेल्या दोनशे नावांच्या यादीपेक्षा कितीतरी भारी. झरा असेल तर एप्रिल-मेमधला फोटो मिळवा, पावसाळ्यातला सगळीकडेच हिरवा आणि ओला असतो.

## टप्पा ६: मसुदा लिहा, एका कागदावर एकच मागणी

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ साली ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. त्या ढिगात तुमचा कागद वाचणाऱ्या माणसाकडे किती वेळ असेल याचा अंदाज करा आणि मग लिहा. पहिल्या दहा ओळींत जागा, मागणी आणि कारण आलं पाहिजे.

साधारण साचा असा:

> प्रति, (नोटीशीत दिलेला अधिकारी व पत्ता)
>
> विषय: प्रारूप विकास योजना, कलम २६ अन्वये सूचना. मौजे ____, गट क्र. ____ ते ____, प्रस्तावित डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग कायम ठेवणेबाबत.
>
> संदर्भ: राजपत्रातील सूचना दि. ____
>
> १. वरील गटांमध्ये प्रारूप योजनेत दर्शविलेला विभाग योग्य असून तो कोणत्याही बदलाशिवाय कायम ठेवावा.
> २. सदर गटांतील उतार १:५ पेक्षा तीव्र आहे. गटनिहाय तक्ता व आलेख सोबत जोडला आहे (जोडपत्र १).
> ३. गट क्र. ____ मधून वाहणारा ओढा गाव नकाशात नमूद आहे, परंतु विद्यमान जमीन वापर नकाशात दर्शविलेला नाही. तो दर्शवून त्यानुसार दुरुस्ती करावी (जोडपत्र २).
> ४. या गटांबाबत विभाग बदलण्याची मागणी करणाऱ्या हरकती आल्यास त्यावर निर्णय घेण्यापूर्वी आमचे म्हणणे विचारात घ्यावे.
> ५. आम्हाला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी व तारीख लेखी कळवावी.
>
> नाव, पत्ता, मोबाईल, सही, दिनांक, जोडपत्रांची यादी

चौथा आणि पाचवा मुद्दा लोक हमखास विसरतात. सुनावणी हवी हे लिहूनच द्या, गृहीत धरू नका. आणि ओढ्याची दुरुस्ती मोठी असेल तर तिसरा मुद्दा वेगळ्या अर्जात घाला, कारण एका अर्जाला सहसा एकच शेरा मिळतो आणि एक मुद्दा अमान्य झाला की अख्खा अर्ज अमान्य धरला जायची भीती असते.

भाषा सरकारी असली तरी चालेल, पण सरळ ठेवा. बिल्डर लॉबी, भ्रष्टाचार, षडयंत्र हे शब्द नकोत. खरं असलं तरी या कागदात ते सिद्ध करता येत नाही आणि वाचणारा तिथेच बंद होतो.

चेक करा: अर्ज ज्याने टेकडी बघितलेली नाही अशा घरातल्या माणसाला वाचायला द्या. कुठे आहे आणि काय हवंय हे त्याला दोन मिनिटांत सांगता आलं तर अर्ज तयार.

## टप्पा ७: लोक जोडा, आणि जमीनमालकांशी बोला

सह्यांची मोहीम हा टप्पा सातवा आहे, पहिला नाही. आधी सह्या आणि मग कारणं शोधायची असं केलं की पाच हजार एकसारखे छापील अर्ज जमा होतात, त्यांचा एकच गठ्ठा बांधला जातो आणि एकच उत्तर मिळतं. त्यापेक्षा पंचवीस-तीस लोकांनी आपापल्या शब्दांत दिलेले अर्ज बघा: शेजारच्या सोसायटीने पाणी तुंबण्याबद्दल, शाळेने मैदानाबद्दल, धनगर कुटुंबाने चराईच्या वाटेबद्दल, डॉक्टरांनी सकाळी चालणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल. गट नंबरांचा तक्ता सगळ्यांचा एकच, अनुभव प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही जमीनमालक नसलात तरी हरकत-सूचना देऊ शकता, "आपली जमीन नाही तर आपण कसं बोलणार" असं म्हणून बरीच चांगली माणसं गप्प बसतात, त्यांना हे सांगा.

गाव असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावात गट नंबर यायला हवेत, "पर्यावरणाचे रक्षण व्हावे" एवढ्या ओळीचा उपयोग नाही.

आता अवघड भाग. टेकडीवर ज्याची चार एकर आहे तो बहुतेकदा शत्रू नसतो, तो गावचाच शेतकरी असतो, त्याच्या शेजारच्याला रहिवासी झोन मिळून पैसा आलाय आणि याला काहीच नाही. त्याच्या घरी जा. बसून बोला. तुमच्या अर्जात त्याच्यासाठी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा योग्य मोबदला वेळेत द्यावा अशी मागणी घाला, मनापासून घाला. पुण्यात २३ गावांतल्या ९७८ हेक्टर बीडीपीचा प्रश्न वर्षानुवर्षं लटकला तो मुख्यतः मोबदल्यावर, २०१५ साली राज्य सरकारने आरक्षण कायम ठेवून ८ टक्के टीडीआरचा निर्णय दिला आणि तरी नाराजी संपली नाही. मोबदल्याचं उत्तर नसलेली हिरवी जागा कागदावर फार दिवस टिकत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा ८: दाखल करा आणि पोच घ्या

- दोन प्रती न्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्क्यावर क्रमांक नसेल तर खिडकीवरून हलू नका, गोड बोलून लिहून घ्या.
- ऑनलाईन दिलं तर पोचपावतीचा नंबर आणि स्क्रीनशॉट. जोडपत्रं खरंच अपलोड झालीत का ते परत उघडून बघा.
- बाहेरगावी असाल तर स्पीड पोस्टाने, पोचल्याची पोच मागून, मुदतीच्या निदान आठवडाभर आधी. परदेशातल्या नातेवाईकांचा अर्ज असेल तर इथला पत्ता द्या, सुनावणीचं पत्र तिथे पोचणार नाही.
- सगळ्या अर्जांचे आवक क्रमांक एका वहीत. पुढे यादीत नाव शोधताना हेच लागतात.

सावधान: नगरसेवकाकडे किंवा कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाकडे अर्ज "देऊन ठेवला" म्हणजे दाखल झाला नाही. मी एकदा असा विश्वास ठेवला, अर्ज चांगल्या मनाने कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहिला आणि मुदत संपली.

## टप्पा ९: सुनावणीची तयारी तीन मिनिटांची करा

हरकती नियोजन समितीकडे जातात. महापालिकेत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी साधारण रचना असते. दिवसाला शेकडो लोक असतात, त्यामुळे तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतील असं धरून चला.

पहिलं वाक्य: "आवक क्रमांक अमुक, गट नंबर अमुक ते अमुक, विभाग कायम ठेवावा." मग नकाशा समोर ठेवा, ए-३ कागदावर, आपल्या गटांना लाल कडा केलेली. मग एक आकडा, म्हणजे उतार. मग एक फोटो. बस. वेळ उरला तर ते विचारतील.

एकाच विषयाचे लोक सलग येत असतील तर मुद्दे वाटून घ्या, पहिल्याने उतार, दुसऱ्याने ओढा, तिसऱ्याने वाट. सगळ्यांनी तेच तेच सांगितलं की तिसऱ्या माणसापासून कोणी ऐकत नाही.

बोलून झाल्यावर जे बोललात त्याची लेखी प्रत तिथेच द्या आणि त्याचीही पोच घ्या. हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय निघू नका, नाहीतर "अनुपस्थित" असा शेरा पडतो आणि मग काही करता येत नाही.

## टप्पा १०: सुनावणीनंतरचं काम

इथे लोकांचे नव्वद टक्के ग्रुप विसर्जित होतात. आणि बदल तर आता होतात.

समितीचा अहवाल गेला की नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका किंवा नगरपालिका, बदल करून त्यांची यादी प्रसिद्ध करतं. ती यादी आली त्या दिवशी तुमचे गट नंबर तिच्यात शोधा. मोठा बदल असेल तर परत हरकती मागवल्यात का हे नोटीशीत बघा, मागवल्या असतील तर लगेच तेच जोडपत्र घेऊन नवा अर्ज, मागवल्या नसतील तरी राज्याच्या नगरविकास विभागाला लेखी निवेदन, कारण आराखडा मंजुरीला तिकडेच जाणार असतो.

समितीच्या अहवालातला तुमच्या अर्जावरचा शेरा मिळवायला आता माहिती अधिकार वापरा, आता घाई नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, फी १० रुपये. "माझा आवक क्रमांक ____ यावरील नियोजन समितीचे अभिप्राय व संबंधित पानांच्या प्रती" एवढंच मागा.

राज्याकडून मंजुरी येताना ईपी जाहीर झाले तर त्या नकाशावर ईपी नंबर असतात. आपला भाग त्यात असेल तर साधारण एक महिन्याची मुदत मिळते आणि सुनावणी होते. सगळी फाईल तयार असेल तर हा अर्ज एका संध्याकाळी होतो, नसेल तर परत पहिल्यापासून.

अंतिम मंजुरीनंतर कलम ३७ च्या जाहिरातींवर नजर ठेवायला दोन माणसं नेमा. एकाने राजपत्र, एकाने स्थानिक पेपरातल्या जाहीर नोटिसा, दर आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी. नोटीस आली की एक महिना असतो. घरात एक खोकं ठेवा आणि त्यावर गावाचं नाव लिहा. आत गटांचा तक्ता, गाव नकाशाची नक्कल, टोपोशीट, पोच असलेल्या प्रती, सुनावणीत दिलेलं लेखी म्हणणं, आणि ७/१२ दरवर्षी नवे काढून. खोकं कोणाकडे आहे हे निदान तिघांना माहिती असू द्या.